अर्थवृत्तकार जेम्स विल्सन

दरवर्षी आषाढ सरता सरता आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांत एक ठराविक दृश्य दिसते. घरचा कर्ता माणूस बँकेची पुस्तके, पावत्या आणि विम्याचे कागद पुढ्यात मांडून बसलेला असतो, आणि आयकराचे विवरणपत्र भरून होईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. हा कर ज्याने प्रथम ह्या देशात आणला, त्याच्या नावाने बोटे मोडण्याची सोयही आपणांस नाही. कारण ते नाव बहुतेकांस ठाऊकच नसते. ते नाव जेम्स विल्सन. परंतु केवळ कर बसविणारा अंमलदार म्हणून त्यांस ओळखणे म्हणजे पंचावन्न वर्षांच्या आयुष्यातील अखेरचे साडेआठ महिने तेवढे पाहणे होय. तत्पूर्वी ते वृत्तपत्रकार होते, आणि त्याही आधी टोप्यांचे कारखानदार होते. दुकानदारी, दिवाळखोरीची छाया, लेखणी आणि राज्यकारभार ह्या क्रमाने गेलेले हे आयुष्य व्यापारउदीम करणाऱ्या व हिशेबाची चाड बाळगणाऱ्या कुटुंबांनी एकदा तरी वाचावे असे आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील हॉइक ह्या गावी ३ जून १८०५ रोजी जेम्स ह्यांचा जन्म झाला. वडील विल्यम विल्सन लोकरीच्या धंद्यात संपन्न झालेले गृहस्थ. पंधरा भावंडांत जेम्स चौथे. घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, शपथ न घेणे, शस्त्र न धरणे आणि सौद्यात एकच भाव सांगणे, हा ह्या पंथाचा आचार. त्यामुळे क्वेकर दुकानदाराची पत बाजारात मोठी असे. ॲकवर्थ येथील पंथाच्या शाळेत जेम्स शिकले. आरंभी त्यांना शिक्षक व्हावेसे वाटत होते. मग वकिलीची ओढ लागली. पण क्वेकरांना तो मार्ग मोकळा नव्हता. शेवटी वयाच्या सोळाव्या वर्षी ते गावातल्याच एका टोपी तयार करणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीस राहिले, आणि वडिलांनी पुढे तोच धंदा विकत घेऊन त्यांच्या व थोरल्या भावाच्या हवाली केला. आपले पूर्वज इंग्रजांना सरसकट टोपीकर म्हणत. हा टोपीकर मात्र अक्षरशः टोपीकर होता.

१८२४ मध्ये दोघे भाऊ लंडनला आले. वडिलांनी प्रत्येकास दोन हजार पौंड भांडवल दिले होते. धंदा वाढला, भागीदार आले आणि गेले, आणि १८३१ नंतर जेम्स स्वतःच्या नावाने पेढी चालवू लागले. १८३२ च्या जानेवारीत एलिझाबेथ प्रेस्टन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्या विवाहाच्या वेळी क्वेकर पंथाशी असलेला त्यांचा संबंध संपला. पंथाचे वळण मात्र संपले नाही, हे पुढे दिसेलच. १८३७ साली त्यांची मालमत्ता सुमारे पंचवीस हजार पौंडांची झाली होती. बत्तिसाव्या वर्षी एवढे मिळविणारा मनुष्य आपल्या बुद्धीवर जरा अधिकच विश्वास ठेवू लागला तर नवल नाही.

तसेच झाले. त्या सुमारास लंडनच्या बाजारात निळीचा मोठा व्यापार चाले, आणि त्या निळीचा बराच भाग बंगालमधून येई. निळीचे भाव चढणार असा विल्सन ह्यांनी अंदाज बांधला आणि मोठी खरेदी केली. भाव चढण्याऐवजी कोसळले. १८३७ हे वर्षच व्यापारी मंदीचे होते. वर्षानुवर्षे टोप्या विकून जोडलेली संपत्ती एका सट्ट्यात बहुतेक सगळी गेली, आणि पेढी बुडण्याची वेळ आली.

येथे ह्या चरित्राचा कणा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. विल्सन ह्यांनी धनकोंना बोलावून हिशेब उघडा केला. देण्याचा अर्धा भाग रोख द्यावा आणि उरलेल्या अर्ध्यापोटी मालमत्ता त्यांच्या नावे करून द्यावी, अशी तडजोड ठरली. धनकोंनी ती मान्य केली, विल्सन कायद्याने मोकळे झाले, आणि दिवाळे निघाल्याचा कलंक टळला. परंतु काही वर्षांनी असे आढळले की, त्या मालमत्तेस अंदाजाप्रमाणे किंमत आली नाही. कायद्याने त्यांच्याकडे कोणी एक पैही मागू शकत नव्हते. तरीही जी तूट राहिली ती विल्सन ह्यांनी आपल्या कमाईतून भरून दिली, आणि त्याचा गाजावाजा होऊ दिला नाही. क्वेकरांची शाळा येथे दिसते.

ह्या आपत्तीनेच त्यांस लेखणीकडे वळविले असे म्हणावयास हरकत नाही. भाव का चढतात आणि का पडतात, हा प्रश्न त्यांच्या अंगाशी आलेला होता. पुस्तकी अर्थशास्त्राचे त्यांचे अध्ययन बेताचेच होते. पण बाजारभावांचे जुने कोष्टक हाती आले म्हणजे त्यांस त्यात माणसांचे व्यवहार दिसू लागत. त्या काळी इंग्लंडात धान्य-कायद्यांवरून रण माजले होते. परदेशी धान्यावर जबर जकात बसवून देशी धान्याचे भाव चढते ठेवावेत, असा १८१५ पासूनचा जमीनदारांचा कायदा होता. गिरणीवाले व मजूर त्याविरुद्ध, आणि जमीनदार व शेतकरी त्याच्या बाजूने, असा तो जातिवंत वर्गकलह होता. १८३९ मध्ये विल्सन ह्यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ह्या भांडणाचे रूपच पालटले. त्यांचे म्हणणे असे की, धान्य-कायद्याने शेतकऱ्याचेही भले होत नाही. पीक बुडाले की भाव आभाळाला भिडतो. त्या भावाच्या आशेने शेतकरी वाढीव जमीन नांगराखाली आणतो व चढा खंड कबूल करतो. मग दोन-तीन सुगीची वर्षे आली की भाव गडगडून तोच शेतकरी बुडतो. म्हणजे खरा शत्रू स्वस्ताई नव्हे आणि महागाईही नव्हे. भावाची ही हेलकावणारी चाल हाच शत्रू होय. निळीत हात पोळलेल्या माणसानेच हे ओळखावे, ह्यात आश्चर्य कसले? कांद्याच्या आणि टोमॅटोच्या भावाने आपल्याकडील शेतकऱ्याची जी दशा होते ती पाहणाऱ्यास हे विवेचन आजही परके वाटणार नाही.

रिचर्ड कॉब्डेन ह्यांच्यासारख्या धान्य-कायदाविरोधी पुढाऱ्यांना हा नवा मुद्दा फार उपयोगी पडला. विल्सन ह्यांनी आणखी दोन पुस्तिका लिहिल्या, वृत्तपत्रांतून लेख लिहिले. पण दुसऱ्याच्या पत्रात आपल्या मनाजोगती आकडेवारी छापून येणे कठीण. तेव्हा त्यांनी स्वतःचेच साप्ताहिक काढण्याचे ठरविले. ‘इकॉनॉमिस्ट’ ह्या पत्राचा पहिला अंक सप्टेंबर १८४३ मध्ये निघाला. धान्य-कायदाविरोधी संघाने पुष्कळ प्रती घेण्याचे आश्वासन दिले होते, तथापि पत्राची मालकी विल्सन ह्यांनी स्वतःकडेच ठेवली. पक्षाचे साहाय्य घ्यावे, पण पत्र पक्षाचे होऊ देऊ नये, हा त्यांचा बाणा होता. आरंभीच्या काळात जवळजवळ सगळा अंक ते एकटेच लिहीत. दिवसा टोप्यांची पेढी आणि रात्री अग्रलेख, असा क्रम काही काळ चालला. पुढे १८४४ मध्ये त्यांनी धंदा सोडला आणि ते पूर्णपणे पत्रकार झाले.

ह्या पत्राचे वैशिष्ट्य कोणते? आठवड्याचे बाजारभाव, आयात-निर्यातीचे आकडे, बँकांची पत्रके ही तोवर निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली असत, आणि ज्याची ओळख मोठी त्यालाच ती वेळेवर मिळत. विल्सन ह्यांनी ती एकत्र मांडून सामान्य व्यापाऱ्याच्या हाती दिली, आणि शेजारी त्या आकड्यांचा अर्थ साध्या भाषेत लिहिला. लेखाखाली लेखकाचे नाव छापावयाचे नाही, ही ह्या पत्राची पद्धत. आपल्याकडे ह्याच दशकात लोकहितवादी ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहीत होते, आणि त्यांचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली प्रसिद्ध झाले. द्रव्य कसे उत्पन्न होते व कसे नाहीसे होते हे लोकांस कळले पाहिजे, ही तळमळ दोन्हीकडे एकाच वेळी जागी झाली होती. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांची आगरकरांच्या पिढीने पारायणे केली, तो स्पेन्सर १८४८ ते १८५३ ह्या काळात विल्सन ह्यांच्याच पत्रात उपसंपादकाची नोकरी करीत होता.

त्या युगातील सर्वांत नवे यंत्र म्हणजे आगगाडी. १८४५ मध्ये विल्सन ह्यांनी पत्राला बँका व रेल्वे ह्यांविषयीचे विभाग जोडले. तेव्हा इंग्लंडात रेल्वेच्या भागांचे जणू पिसाट वारे सुटले होते. ज्याने जन्मात भागपत्र पाहिले नाही अशी माणसेही थोडी रक्कम भरून भाग घेत आणि भाव चढताच विकून टाकीत. १८४६ ह्या एका वर्षात पार्लमेंटने रेल्वेचे अडीचशेहून अधिक कायदे मंजूर केले. बहुतेक पत्रे जाहिरातींच्या पैशावर पुष्ट होत असता विल्सन ह्यांनी एक रूक्ष प्रश्न विचारला : हा पैसा येणार कोठून? रेल्वे हे उत्तम साधन आहे हे त्यांस मान्यच होते. परंतु दरवर्षी देशाची जेवढी शिल्लक पडते तिच्याहून अधिक भांडवल जर रूळ आणि बोगदे ह्यांत गाडले, तर व्यापाराला लागणारे खेळते भांडवल आटेल आणि पेढ्या बसतील, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. १८४७ च्या शरद ऋतूत तसाच पेच आला. बाजारात पैसा मिळेनासा झाला, आणि बँक ऑफ इंग्लंडवर घातलेले कायद्याचे बंधन सरकारला तात्पुरते सैल करावे लागले. ह्या काळातील त्यांचे लेख त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. एखाद्या नव्या यंत्राची थोरवी एक आणि त्याच्या भागांचा भाव दुसरा, हा भेद सांगणारे पत्रकार आजही थोडेच.

परंतु चरित्रनायकाचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि लाखो माणसे अन्नान्न करून मेली. त्या वेळी ‘इकॉनॉमिस्ट’ने सरकारी मदतीस विरोध केला. सरकारने धान्य वाटले तर व्यापार मोडेल व लोक परावलंबी होतील, हे त्यांचे तत्त्वज्ञान. धान्य-कायद्याने गरिबाची भाकरी महाग होते म्हणून ज्याचे हृदय कळवळले, त्यानेच भाकरी विकत घेण्यास पैसाच नसलेल्या माणसास बाजाराच्या हवाली करावे, ही गोष्ट माझ्या मते अक्षम्य आहे. आकडे वाचणाऱ्यास आकड्यात न येणारा मनुष्य दिसत नाही तो असा.

१८४७ मध्ये वेस्टबरी मतदारसंघातून ते पार्लमेंटात निवडून गेले आणि पुढल्याच वर्षी हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे एक चिटणीस झाले. १८५२ पर्यंत ते त्या जागेवर होते. हिंदुस्थानशी त्यांचा पहिला संबंध निळीतून, तो तोट्याचा, हा दुसरा. ह्याच अवधीत, १८४९ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी करार झाला. मुंबई-ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली ती ह्याच कंपनीची. भागधारकांना शेकडा पाच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यावयाची, असे करारात होते. ज्याने भांडवल घातले त्याने जोखीम सोसावी असे पत्रातून शिकविणाऱ्या गृहस्थाच्या मंडळाच्या कारकीर्दीत हे व्हावे, ह्याची नोंद करणे प्राप्त आहे. अर्थात त्याचा दोष एकट्या चिटणिसावर टाकणे न्याय्य नव्हे. १८५३ ते १८५८ पर्यंत ते ब्रिटिश कोषागाराचे अर्थचिटणीस होते. विशेष हे की, सरकारी अधिकारपदावर असतानाही पत्राची मालकी आणि १८५७ पर्यंत संपादकत्वही त्यांच्याचकडे होते. आज कोणी असे करू म्हटले तर केवढा गहजब होईल! १८५३ मध्येच त्यांच्या पुढाकाराने चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना ह्या बँकेला सनद मिळाली. १८५८ साली तिच्या शाखा कलकत्ता व मुंबई येथे उघडल्या. आजच्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे अर्धे नाव तेथून आले आहे.

विल्सन ह्यांना सहा मुली होत्या. वडील मुलगी एलायझा हिचा विवाह १८५८ मध्ये वॉल्टर बॅजट ह्या तरुण बँकरशी झाला. बँकिंगविषयक लेखांच्या निमित्ताने तो घरी येऊ लागला होता. जावयास पत्राची जोखीम सोपविता येईल एवढा विश्वास वाटला, म्हणूनच पुढील पाऊल टाकणे विल्सन ह्यांस शक्य झाले.

सत्तावनच्या समरानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. तीन वर्षांची तूट मिळून सुमारे तीन कोटी पौंडांवर गेली होती, आणि कर्जाचा डोंगर वाढत होता. व्हाइसरॉयच्या मंडळात प्रथमच एक स्वतंत्र अर्थसदस्य नेमण्याचे ठरले आणि ते पद विल्सन ह्यांस देऊ करण्यात आले. इंग्लंडातील व्यापार मंडळाचे उपाध्यक्षपद नुकतेच मिळालेले, वय चौपन्न. तरी त्यांनी होकार दिला आणि २९ नोव्हेंबर १८५९ रोजी ते कलकत्त्यास उतरले. तेथून ते लॉर्ड कॅनिंग ह्यांना भेटण्यासाठी थेट उत्तरेत गेले.

१८ फेब्रुवारी १८६० रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात त्यांनी हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले. सरकारचा जमाखर्च हा दरबारी दप्तरातला गुप्त कागद नसून तो दरवर्षी उघडपणे वाचून दाखवावयाचा असतो, हा रिवाज आपल्या देशात त्या दिवशी सुरू झाला. १८४३ मध्ये साप्ताहिकातून जे त्यांनी व्यापाऱ्यांसाठी केले तेच येथे राज्यासाठी केले. तूट भरून काढण्यासाठी त्यांनी आयकर सुचविला. वार्षिक दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल त्यास माफी. दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन, आणि त्यावर शेकडा चार. म्हणजे महिना सतरा रुपये मिळविणारा कारकूनही त्यात सापडला. बंगालचे जमीनदार म्हणू लागले की, १७९३ च्या कायमधाऱ्यानंतर आमच्यावर नवा कर बसविता येत नाही. तेव्हा विल्सन ह्यांनी आपल्या भाषणात मनुस्मृतीचा आधार दिला. राजाने व्यापाऱ्याकडून कर घ्यावा हे तुमचाच स्मृतिकार सांगतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॉइकच्या टोपीवाल्याने मनूला साक्षीस बोलावावे हा प्रसंग मोठा कौतुकाचा. पण ज्या सभागृहात तो घडला तेथे एकही हिंदी सभासद नव्हता. आपल्याच लोकांचा उठाव मोडण्याचा खर्च आपल्याच लोकांकडून, त्यांस न विचारता वसूल करण्याचा तो कायदा होता. हिशेब उघडा झाला, हे खरे. पण त्या हिशेबावर बोलण्याचा हक्क ज्यांचे पैसे गेले त्यांस नव्हता.

विरोध इंग्रजांतूनही झाला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन हे कोषागारातील विल्सन ह्यांचे जुने सहकारी. त्यांनी ह्या करांविरुद्ध लेखी मत नोंदविले आणि सरळ वर्तमानपत्रांस दिले. ह्या शिस्तभंगाबद्दल त्यांस गव्हर्नरपदावरून परत बोलावण्यात आले. पत्रकार सरकारात बसलेला, आणि गव्हर्नर पत्रकाराच्या मार्गाने गेलेला, असा तो उलटा देखावा होता. पुढे हेच ट्रेव्हेलियन अर्थसदस्य म्हणून परतले, आणि १८६५ मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत आयकराची पाच वर्षांची मुदत संपून तो बंद पडला. १८८६ साली तो पुन्हा आला तो कायमचा. सरकारी कागदी चलनाची योजनाही विल्सन ह्यांचीच. तिचा कायदा मात्र १८६१ मध्ये, त्यांच्यामागून झाला.

२४ जुलै १८६० रोजी आयकराचा कायदा अमलात आला. कलकत्त्याचा तो पावसाळा युरोपियनांस प्राणघातक म्हणून प्रसिद्ध होता, आणि डोंगरावर हवापालटास जाण्याची सर्वांची रीत होती. विल्सन ह्यांनी कचेरी सोडली नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांस रक्तातिसाराने गाठले आणि ११ तारखेस त्यांचे निधन झाले. त्या वर्षी बंगालभर निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयत उठली होती, आणि त्याची चौकशी करण्यास सरकारने आयोग नेमला होता. ज्या निळीने तेवीस वर्षांपूर्वी त्यांचे घर बसविले होते, तिच्याच मुलखात त्यांचा शेवट झाला.

पत्र जावयाकडे गेले. बॅजट ह्यांनी १८६१ ते १८७७ पर्यंत त्याचे संपादन केले आणि त्यास जगभर नाव मिळवून दिले. धाकट्या मुलीने, एमिली बॅरिंग्टन हिने, १९२७ मध्ये वडिलांचे दोन खंडांत चरित्र लिहिले. विल्सन ह्यांची कबर कोठे आहे ह्याचा मात्र पुढे सर्वांस विसर पडला. २००७ साली आयकर खात्यातील एक अधिकारी ह्या कराच्या इतिहासाचा अभ्यास करीत असता कलकत्त्याच्या मल्लिकबाजार भागातील दफनभूमीत त्यांस ती सापडली. २४ जुलै हा दिवस आता ते खाते दरवर्षी आयकर दिन म्हणून पाळते.